दारू-जुगार ‘रक्तातच’ असतो? त्या संदेशाला उत्तर

बडोद्यात दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत मराठी घरांत सध्या एक संदेश फिरतोय: ‘दारू-जुगाराचा एकच जीन असतो. बापाला असेल तर मुलाला लागणारच. लग्न ठरवण्याआधी थुंकीची चाचणी करा. उपचारांवर पैसे घालवू नका.’ अशाने चांगली स्थळं मोडतील आणि आजारी माणसं घरातच कुजतील.

एकच जीन? 1990 साली ‘डीआरडी2’ या जनुकाबद्दल असा गाजावाजा झाला होता, पण पुढच्या मोठ्या अभ्यासांत तो टिकला नाही. धोका असंख्य जनुकीय फरकांत विखुरलेला आहे आणि एकेकाचा वाटा नगण्य. ठळक परिणामाचा एक फरक ‘एएलडीएच2’ या जनुकातला, तोही उलट वाचवणारा. त्यापासून बनणारं, दारू पचवायला लागणारं विकर (एन्झाइम) मंद असलं की दारूतून तयार होणारं अॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य साचतं, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळतं आणि माणूस पेला खाली ठेवतो. जपान-चीनमध्ये हे बरंच आढळतं, आपल्याकडे क्वचित. अमुक मुलगा पुढे दारुडा होईल, हे कुठलीही थुंकीची चाचणी सांगू शकत नाही.

जुळ्यांच्या अभ्यासांतून दारूच्या व्यसनाची आनुवंशिकता सुमारे 50 टक्के निघते, जुगाराचीही साधारण तितकीच. म्हणजे निम्मी मुलं बिघडतात असं मुळीच नाही. समाजात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला अंदाजे निम्मा जनुकांशी जोडता येतो, एवढंच. दारू आणि जुगार यांचा जनुकीय धोका काही अंशी सामाईक आहे, पण काही अंशीच.

बाकीचा भाग भोवतालच्या परिस्थितीचा, आणि ती काही अंशी आपल्या हातात आहे. गुजरातेत 1960 पासून दारूबंदी आहे; ज्याने थेंबही घेतला नाही त्याला कुठलाही जीन दारुडा करू शकत नाही. पण जन्माष्टमीच्या सुमारास, सातम-आठमला पैसे लावून तीन पत्ती घराघरांत चालते आणि पोरं शेजारीच बसलेली असतात. वडिलांना व्यसन असेल तर मुलांना त्या डावात बसवू नका. ‘मला चार पेग पचतात’ याचंही कौतुक नको, कमी चढणं ही धोक्याची खूण आहे.

उपचार व्यर्थ? डायसल्फिराम हे औषध तेच एएलडीएच2 विकर रोखतं, म्हणून वर दारू घेतली की तसाच त्रास होतो आणि माणूस दारू टाळतो. मात्र ते आमटीत लपवून देऊ नका. न कळता वर दारू घेतली तर जीव जाऊ शकतो. रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दोन-तीन दिवसांनी भ्रम. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थायमिन (बी1 जीवनसत्त्व) देऊनच सोडवा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन: 14446.