मशेरीवाल्या त्या मेसेजबद्दल, वहिनीसाठी आणि ग्रुपवरच्या सगळ्यांसाठी

बचत गटाच्या ग्रुपवर फिरणारा तो लांबलचक मेसेज परवा दिंडोरीहून वहिनीनं मला पाठवला, खाली लिहिलं, "ताई, आता तरी मला बोलू नका." वहिनीला सातवा महिना लागलाय आणि ती मशेरी लावते, त्यामुळे नाशिकरोडला बसून मी गप्प राहणं शक्यच नाही. मेसेज म्हणतो, अमेरिकेतल्या येल विद्यापीठानं सिद्ध केलंय की बाईच्या मेंदूला तंबाखूचं व्यसन लागतच नाही, बाईचं हार्मोन निकोटिन जाळून टाकतं, भाजल्यावर तंबाखूतलं विष मरतं, दात मजबूत होतात, आणि गरोदरपणात मशेरीनं मळमळ थांबते, पोट साफ होतं, बाळाला काही होत नाही.

येलचा अभ्यास खरा आहे, 2014 चा. बाई-पुरुषाच्या मेंदूत फरक दिसला हेही खरं, तेवढं मान्य. पण त्यात होते फक्त 16 जण, 8 पुरुष 8 बायका, सगळे सिगरेट ओढणारे, आणि ओढत असतानाच पेट स्कॅनमध्ये (मेंदूत काय चाललंय ते दाखवणारी तपासणी) त्यांच्या मेंदूतलं डोपामिन, म्हणजे मजा आणि तलफ यांच्याशी जोडलेलं रसायन, बघितलं. पुरुषांमध्ये ते व्हेंट्रल स्ट्रायटम या भागात पटकन वाढलं, बायकांमध्ये डॉर्सल प्युटामेनच्या एका छोट्या भागात पुरुषांपेक्षा लवकर. म्हणजे मेंदूतली वाट वेगळी, व्यसन दोघांनाही. "लागतच नाही" हे कुठून काढलं? उलट तंबाखू सोडवायला देतात ते निकोटिनचे पॅच आणि गम बायकांना सरासरी कमी लागू पडतात, म्हणून तर हा फरक शोधायचा.

हार्मोनचं पण अर्धंच सांगितलंय. इस्ट्रोजेनमुळे बाईचं लिव्हर निकोटिन लवकर मोडतं, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आणखी लवकर, गरोदरपणात तर फारच. पण रक्तातलं लवकर उतरलं की पुन्हा तलफ येणार ना! वहिनी आधी सकाळी एकदाच लावायची, आता द्राक्षाच्या थिनिंगला, म्हणजे घड विरळायला, गेली तरी दुपारच्या आत कमरेची डबी निघते, काळी पूड बोटावर घेऊन हिरड्यांवर घासते, तेवढा वेळ घडाला कात्री लागत नाही, आणि डबी घरी राहिली तर डोकं धरतं, कुणाशी धड बोलत नाही, शेजारच्या ओळीतल्या बाईकडून मागून घेते. याला व्यसन नाही तर काय म्हणायचं?

भाजल्यानं विष मरत नाही. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून चुरली तरी निकोटिन उरतं, नाहीतर तलफ भागली असती का? आणि बिनधुराची तंबाखू कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं कधीच जाहीर केलंय. दात मजबूत वगैरे काही होत नाहीत, हिरड्या खराब होतात.

आता बाळाचं, ज्याचा मला खरा संताप आलाय. आपल्या मुंबईतच 1217 गरोदर बायकांचा अभ्यास झालाय, 2004 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलाय. मशेरीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन, बाकीची कारणं धरूनसुद्धा, सरासरी 105 ग्रॅम कमी भरलं आणि बाळंतपणही लवकर झालं. 105 ग्रॅम म्हणजे काय मोठं असं कुणी म्हणेल, पण अडीच किलोच्या खाली बाळ गेलं की ते कमी वजनाचं धरतात, आणि आपल्याकडे कितीतरी बाळं त्या रेषेवरच असतात. पुढे 2006 मध्ये मुंबईच्याच अभ्यासात पोटातच बाळ दगावण्याचं प्रमाणही अशा बायकांत जास्त निघालं. निकोटिन वारेतून थेट बाळापर्यंत जातं, बाळाला रक्त नेणाऱ्या शिरा आवळतं. आणि हे गरोदर बाईला बिनधास्त लाव म्हणून सांगतात!

पोट साफ होतं यात तथ्य आहे, निकोटिननं आतडी हलतात. म्हणून सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होतं आणि बाई परत डबी उघडते. त्यावर पाणी, फळं, पालेभाज्या, आणि डॉक्टरांनी दिलं तर औषध. मळमळीचं औषध पण डॉक्टरांकडे असतं. पॅच किंवा गम मात्र गरोदरपणात स्वतःच्या मनानं घ्यायचा नाही.

सोडायला मदत हवी असेल तर सरकारी क्विटलाइन आहे, 1800-11-2356, फुकट आहे. आणि वहिनी, पुढच्या तपासणीला डॉक्टरांना मशेरीचं स्वतःहून सांग, लपवू नकोस, मी येते बरोबर.