हृदयाच्या झडपेत दोष निघाला म्हणून लिव्हर ट्रान्सप्लांट रद्द होत नाही

ट्रान्सप्लांटच्या तयारीत असलेल्या घरांमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय. त्यात म्हटलंय की इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाचं पंपिंग चांगलं आलं की पुढच्या तपासण्या म्हणजे नुसता खर्च. झडपेत दोष निघाला तर ट्रान्सप्लांट विसरा. आणि लिव्हरच्या पेशंटचं रक्त मुळातच पातळ, त्यामुळे कृत्रिम झडप असली तरी रक्त पातळ करायची गोळी बंद केलेली चालते. मी भूलतज्ज्ञ आहे, या ऑपरेशनांना उभी राहते. हे वाचून कुणी खरंच गोळी बंद करेल, या धास्तीने लिहितेय.

आधी पंपिंग. सिरॉसिसमध्ये (लिव्हर कठीण होऊन निकामी होत जातं तो आजार) शरीरभरच्या रक्तवाहिन्या सैलावतात. हृदयाला रक्त पुढे ढकलायला जोर कमी लागतो, म्हणून पंपिंगचा आकडा छान येतो. मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) गळत असेल तर ती गळतीही असते त्याहून कमी दिसू शकते. एऑर्टिक झडपेचं (हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी) उलटं: रक्ताचा ओघ वाढलेला असल्याने तिच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक फुगून दिसतो. म्हणून झडपेचं तोंड किती उरलंय तेही मोजावं लागतं. ते १ चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी भरलं, तर अरुंदपणा तीव्र धरतात.

एवढं मोजायचं कशासाठी? नवं लिव्हर जोडून होतं आणि सर्जन सांगतात, ‘क्लॅम्प काढतोय,’ म्हणजे रक्त अडवून धरणारा चिमटा. खोलीतलं बोलणं थांबतं. माझ्या हातात भरलेली सिरिंज, डोळे मॉनिटरवर. लिव्हरमधून थंड, पोटॅशियम जास्त असलेलं रक्त थेट हृदयात येतं आणि पुष्कळ पेशंटचं बीपी बघता बघता कोसळतं. धडधाकट हृदय जोर वाढवून सावरतं. एऑर्टिक झडप अरुंद असेल तर तो जोर बाहेर पोचतच नाही, आणि पडलेल्या बीपीत हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त अपुरं पडतं. मायट्रल अरुंद असेल (लहानपणच्या ऱ्हुमॅटिक तापामुळे आपल्याकडे हे अजूनही दिसतं), तर ठोके वाढले आणि रक्त-सलाइन भराभर गेलं की फुफ्फुसांत पाणी भरतं. ही गोष्ट टेबलावर कळून उपयोग नाही.

‘विसरा’ हे तर साफ चुकीचं. सौम्य गळती असेल तर बहुतेकदा काहीच करावं लागत नाही. मायट्रलचा अरुंदपणा पुष्कळदा बलूनने उघडता येतो. सिरॉसिस पुढे गेलेला असताना छाती उघडून झडप बदलणं फार जोखमीचं, हे खरं. पण २००२ मध्ये फ्रान्समधल्या रूआँ शहरात अलँ क्रिबिए यांनी मांडीतून नळी घालून एऑर्टिक झडप बसवली, आणि ती वाट आता या पेशंटनाही खुली आहे. आधी झडप, मग लिव्हर. आपल्या देशात बहुतेक दाते घरातलेच असतात, त्यामुळे ऑपरेशनची तारीखही ठरवता येते. खरी अडचण येते ती फुफ्फुसाच्या धमनीतला दाब उपचार करूनही खूप चढा राहिला तर. तिथे आम्हीच थांबतो.

आता गोळी. लिव्हर रक्त गोठवणारी प्रथिनं बनवतं, तशीच गोठणं रोखणारीही बनवतं. सिरॉसिसमध्ये दोन्ही घटतात. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, मोजतो फक्त गोठवणारी बाजू. तो २ आला म्हणजे रक्त गोठणार नाही असं मुळीच नाही. याच पेशंटच्या पोर्टल व्हेनमध्ये (लिव्हरकडे रक्त नेणारी शीर) गुठळ्या सापडतात. धातूच्या झडपेवर गुठळी झाली तर ती मेंदूकडे जाऊ शकते. डोस कमी करायचा, इंजेक्शनवर न्यायचं की काय, हे हृदयाच्या आणि लिव्हरच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं. शिवाय वॉरफरिनने (रक्त पातळ करायची नेहमीची गोळी) आयएनआर वाढतो आणि त्यावर काढलेला मेल्ड स्कोअरही, म्हणजे लिव्हरचा आजार किती गंभीर ते सांगणारा आकडाही, फुगतो. म्हणून ही गोळी चालू असल्याचं पहिल्याच भेटीत सांगा.

फाइलच्या वरच्या कागदावर लिहून ठेवा: कोणती झडप, कोणत्या साली बसवली, कोणती गोळी. आणि ट्रान्सप्लांटच्या आधी दात तपासून घ्या. नंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू होतात, आणि किडक्या दातातले जंतू रक्तातून कृत्रिम झडपेवर जाऊन बसू शकतात.