गाडी धुण्याचा ठराव

आमच्या सोसायटीच्या लिफ्टशेजारी फलकावर गेल्या एप्रिलमध्ये जी सूचना लागली, ती मीच लिहिली होती. 'पाणीटंचाई लक्षात घेता कोणत्याही सभासदाने रबरी नळीने वाहन धुऊ नये. तसे आढळल्यास ५०० रुपये दंड आकारण्यात येईल', एवढाच तिचा मजकूर होता. पण त्यातले रूप 'धुऊ' असावे की 'धुवू' यावर कार्यकारिणीच्या बैठकीत वीस मिनिटे चर्चा झाली आणि त्या वीस मिनिटांत गच्चीवरची टाकी भरून वाहत होती, हे आम्हांला पहारेकऱ्याने येऊन सांगितले. बंगळुरूत २०२४ च्या मार्चमध्ये पिण्याच्या पाण्याने गाड्या धुणाऱ्यांना पाच हजार रुपये दंड लावण्यात आला होता, त्या मानाने आमचा दंड म्हणजे सवलतच आहे, असे मी सचिव या नात्याने ठासून सांगितले. ठराव एकमताने संमत झाला. नियम करणाऱ्यालाही तो लागू होतो, ही शंका त्या दिवशी मला शिवली नाही.

पुढच्या रविवारी पहाटे सव्वापाचला मी नळी घेऊन खाली उतरलो. माझी गाडी पांढरी आहे, नऊ वर्षांची आहे, आणि आमच्या रस्त्यावर दोन इमारतींची बांधकामे चालू असल्यामुळे ती आठवड्यातून सहा दिवस राखाडी असते. पहाटेची वेळ मी निवडली होती, ती उन्हात साबण अंगावरच वाळून डाग पडतात म्हणून, असे मी स्वतःला समजावले होते. टपावरून पाण्याची पहिली धार ओघळली असेल-नसेल, तोच मागून खाकरण्याचा आवाज आला. लातूरहून मुक्कामाला आलेला माझा मेव्हणा फिरायला निघाला होता. तो बराच वेळ त्या धारेकडे पाहत उभा राहिला.

"दाजी, हे पाणी कुठनं येतंय?"

"खडकवासल्याहून," मी म्हणालो, आणि माझ्या आवाजात जो अभिमान उतरला तो मलाच ऐकू आला. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही नावे पुणेकराला चारधामांसारखी पाठ असतात, आणि धरणात किती टीएमसी पाणी उरले आहे हे तो क्रिकेटच्या धावसंख्येइतक्याच तटस्थपणे वाचतो.

"आमच्याकडं मिरजेहून आलं होतं," मेव्हणा म्हणाला. "रेल्वेनं." आणि तो फिरायला निघून गेला.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून निघालेल्या पहिल्या गाडीने दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी लातूरला नेले होते, हे मी तेव्हा पुण्यात आंघोळ करून, चहा पीत वाचले होते. मेव्हण्याने मला पाचशे रुपये दंड केला असता तर बरे झाले असते. त्याने काहीच केले नाही, आणि जो काहीच करत नाही अशा सासुरवाडीच्या माणसाला उत्तर देण्याची सोय शास्त्रात नाही.

त्या दिवशी मी प्रथमच नळीखाली पंधरा लिटरची बादली ठेवून घड्याळ लावले. बादली सत्तर सेकंदांत भरली. मी गाडीला एरवी पंचवीस मिनिटे घेतो. म्हणजे हिशेब ३२० लिटरच्या पुढे गेला. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे असे सरकारी मानक आहे. तेव्हा दर रविवारी माझी गाडी दोन माणसांच्या दिवसभराच्या वाट्याहून अधिक पाणी पीत होती, आणि हे मी ज्या टेबलावर बसून काढले, त्याच टेबलावर दहा हजार लिटरच्या टँकरची बिले माझ्या सहीसाठी पडली होती.

यावर सर्वांत सोपा उपाय आमच्याच वाहनतळात होता. गाड्या पुसणारे मामा पहाटे येतात, एक बादली पाणी आणि एक फडके एवढ्या भांडवलावर बारा गाड्या पुसतात आणि सातच्या आत निघून जातात. पंधरा लिटरला बारांनी भागले तर गाडीमागे सव्वा लिटर पाणी पडते. जगात याहून काटकसरीची पद्धत कोणी शोधली असेल असे मला वाटत नाही. अडचण इतकीच की सहाव्या गाडीपर्यंत ते पाणी अमृततुल्याच्या चहाच्या रंगावर येते, आणि पहिल्या पाच गाड्यांची वाळू सहावीच्या अंगावर घासली जाते. माझी गाडी सातवी असायची. उन्हात तिच्या बॉनेटवर वाकून पाहिले की जुन्या स्टीलच्या ताटावर दिसतात तशा बारीक वर्तुळाकार चऱ्या दिसत. त्यावरून दोन वर्षांपूर्वी मी मामांना मोठ्या तोऱ्यात बंद केले होते. आता परत बोलावणे मला जमले नसते. मामांना जमले असते की नाही, हा प्रश्न तर वेगळाच.

मग मी वाचन सुरू केले, आणि इथून माझे वाईट दिवस सुरू झाले. पाणी किती वापरतो हा निम्माच प्रश्न आहे, ते जाते कुठे हा उरलेला निम्मा आहे, असे माझ्या लक्षात आले. आमच्या वाहनतळाच्या कडेने जे जाळीचे गटार आहे ते मैलापाण्याचे नाही, पावसाळी पाण्याचे आहे. त्यात पडलेले पाणी कोणत्याही शुद्धीकरण केंद्राला न विचारता ओढ्याला, ओढ्यातून मुठेला मिळते. मुठा पुढे संगमावर मुळेला, मुळा-मुठा भीमेला, आणि भीमेचे पाणी उजनी धरणात. उजनीचे पाणी सोलापूर पिते. माझी मेव्हणी सोलापुरात राहते. कपडे धुण्याची पावडर मी इतकी वर्षे हातसैल सोडून वापरत आलो, तिचा फेस कुठवर पोहोचत होता हे कळल्यावर पत्नीच्या माहेरचे किती लोक पाण्याच्या बाबतीत माझ्यावर अवलंबून आहेत, या विचाराने मी धास्तावलो. शिवाय ती पावडर गाडीच्या रंगावरचा मेणाचा थर खरवडून काढते, म्हणजे नदी आणि गाडी या दोघींचेही मी एकाच वेळी वाटोळे करत होतो.

साबणाला पर्याय म्हणून मला रिठे आठवले. आमच्या आजीने आयुष्यात पैठणीला दुसरे काही लावले नाही. मी मंडईतून अर्धा किलो रिठे आणले, बिया काढून रात्रभर भिजत घातले आणि सकाळी उकळायला ठेवले. रिठ्यातल्या सॅपोनिनला फेस येतो हे मला ठाऊक होते. तो भांड्याबाहेर येतो, शेगडीवर उतरतो आणि शेगडी विझवतो, हे ठाऊक नव्हते. घरभर जो वास सुटला तो आंबट चिंचेचा आणि ओल्या तरटाचा मिळून होता.

"अहो, हे काय शिजतंय?" पत्नीने झोपेतून उठून विचारले.

"गाडीचं शिकेकाई-रिठा," मी म्हणालो.

"मला मागच्या दिवाळीला आणून द्या म्हटलं होतं, तेव्हा मिळाले नव्हते," ती म्हणाली, आणि पुन्हा झोपायला गेली. तिच्या घराण्यात शेवटचे वाक्य बोलून निघून जाण्याची परंपराच आहे.

रिठ्याने गाडी स्वच्छ होते, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. परंतु त्याचा काढा तपकिरी असतो आणि गाडी पांढरी होती. दारांच्या खाचांतून आणि नंबरपाटीच्या मागून पुढचे दोन दिवस तपकिरी ओघळ उतरत राहिले, आणि गाडी रडली आहे अशी बातमी खालच्या मुलांनी पसरवली. एक शिंतोडा डोळ्यात गेल्यामुळे त्या बाबतीत मी गाडीला साथ देत होतो. उरलेला काढा पत्नीने गाळून, पाणी घालून गॅलरीतल्या जास्वंदीवर फवारला आणि तिच्यावरचे पिठ्या ढेकूण खरोखरच गेले. या संपूर्ण मोहिमेतले निर्विवाद यश ते एवढेच, आणि ते माझ्या नावावर नाही.

जर्मनीत असलेल्या मुलाला मी ही हकीकत दृश्य-फोनवर सांगितली. तिथे बऱ्याच गावांत घरासमोर गाडी धुवायला मनाईच आहे. लोक धुलाई केंद्रावर जातात आणि तिथे तेच पाणी गाळून पुन्हा वापरतात. "बाबा, तुम्ही बिनपाण्याचा फवारा का नाही वापरत?" असे म्हणून त्याने तिथे बसूनच माझ्यासाठी एक बाटली आणि बारा मायक्रोफायबर फडकी मागवली. फवारा मारायचा, त्यातले वंगण धुळीच्या कणांना धरून ठेवते, आणि मऊ फडक्याने एकाच दिशेने, न दाबता, अलगद उचलून घ्यायचे, अशी ती विद्या आहे. ज्या गावात धूळ म्हणजे हलकी धूळ असते तिथे ती चालतही असेल. आमच्या रस्त्यावर सिमेंट, खडीची भुकटी आणि आंब्याच्या मोहरावरच्या तुडतुड्यांनी गाळलेला चिकटा यांचा जो गिलावा चढतो, त्याला ते वंगण पुरले नाही. बाराही फडकी बॉनेट संपायच्या आत काळी झाली. ती धुवायला यंत्रात घातली, तेव्हा पत्नीने सहज विचारले, की आपले यंत्र एका फेरीला किती पाणी घेते. वरून कपडे टाकायचे आमचे जुने यंत्र शंभराच्या आसपास लिटर घेते. बिनपाण्याच्या धुलाईला शंभर लिटर पाणी लागले, आणि ती फडकी कृत्रिम धाग्यांची असल्यामुळे त्यांचे अदृश्य तंतू पाण्याबरोबर निघाले, हे निराळेच.

पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून जे बाहेर टाकले जाते, त्याचाही प्रयोग केला. त्यात क्षार जास्त असल्याने वाळल्यावर पांढरे ठिपके उमटतात. पांढऱ्या गाडीवर ते दिसणार नाहीत असे माझे अनुमान होते. गाडीला काचाही असतात, हे अनुमानात धरलेले नव्हते. त्याउलट वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी म्हणजे हवेतल्या बाष्पाचेच पाणी. त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि डाग पडत नाहीत. शेवटच्या हातासाठी याहून चांगले पाणी नाही. माझा मुंबईचा चुलतभाऊ अशी एक बादली रात्रीत भरतो. पुण्याच्या एप्रिलमधल्या कोरड्या हवेत आमच्या यंत्राने रात्रभर टपटप करून जेमतेम तीन तांबे पाणी दिले. मुंबईच्या घामट हवेचा मला आयुष्यात प्रथमच हेवा वाटला.

अखेर सगळे गाळून जी पद्धत उरली, ती मे महिन्याच्या पहिल्या रविवारी मी अमलात आणली. कुंड्यांवर फवारायचा दोन लिटरचा हातपंप प्रथम सगळ्या गाडीवर मारून धूळ भिजू द्यायची, कारण कोरडी धूळ पुसणे म्हणजे पॉलिशकागद फिरवणे. मग दोन अर्ध्या बादल्या. एकीत गाडीचा सौम्य, विघटनशील शाम्पू झाकणभर, दुसरीत नुसते पाणी. फडके साबणात बुडवायचे, एक पत्रा पुसायचा, दुसऱ्या बादलीत खळबळून वाळू खाली बसू द्यायची, आणि मगच पुन्हा साबणाकडे वळायचे. टपापासून सुरुवात, चाके सर्वांत शेवटी. गाडी सावलीत. शेवटी तीन तांबे.

मामा आपल्या बारा गाड्या उरकून खांबाला टेकून हे पाहत होते. मी डाव्या मागच्या दारापर्यंत पोहोचलो होतो.

"साहेब, पूजेचं सामान दिसतंय," ते म्हणाले.

"पाणी वाचवतोय, मामा."

"दोन बादल्यांनी?"

"दोन अर्ध्या. म्हणजे एकच झाली."

"माझीपण एकच असते," मामा म्हणाले, आणि आपली रिकामी बादली खांद्याला अडकवून निघून गेले.

एक तास चाळीस मिनिटांत वीस लिटरच्या आत गाडी झाली. चकचकीत झाली, असे मी म्हणेन. पण तिच्याकडे समाधानाने पाहायला मला सवड नव्हती, कारण समोर ती दोन अर्धी भांडी उभी होती, एकात करडा फेस आणि दुसऱ्यात चहा. जाळीच्या गटारात ओतावे तर मुठा, भीमा, उजनी आणि मेव्हणी. गवतावर ओतावे तर माळी नाही म्हणाला. त्याच्या लॉनवर मीच, दुसऱ्या एका सूचनेद्वारे, कोणतेही द्रव ओतण्यास मनाई केली होती. हे पाणी मैलावाहिनीत जाणे हेच योग्य, आणि माझ्या आवाक्यातली सर्वांत जवळची मैलावाहिनी चौथ्या मजल्यावर माझ्याच न्हाणीघरात होती.

रविवारी सकाळी साडेआठला आमची लिफ्ट देवळाला निघालेल्या आणि भाजी घेऊन परतलेल्या मंडळींनी भरलेली असते. मी दोन्ही हातांत बादल्या घेऊन आत शिरलो तेव्हा पैठणी नेसलेल्या एक काकू भिंतीला चिकटल्या. त्यांच्या पैठणीला रिठा चालतो हे सांगण्याची ती वेळ नव्हती. "नदीत जाऊ नये म्हणून वर नेतोय," एवढे मी सर्वांना समजावून सांगितले. दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी बटण दाबल्यामुळे लिफ्ट हिसका देऊन थांबली.

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला. कार्यकारिणीतल्या चौघांशी त्यांचे बोलणे झाले होते, आणि एक सूचना तातडीने लावायची ठरले होते. भाषा तुमचीच असावी, असा सगळ्यांचा आग्रह आहे, असे ते म्हणाले. मी लिहून काढली. 'कोणत्याही सभासदाने सांडपाण्याने भरलेली बादली लिफ्टमधून नेऊ नये.' 'सांडपाणी' हा शब्द मैलापाण्याहून निराळा आहे आणि इथे तोच बरोबर बसतो, असे मी अध्यक्षांना फोनवर पटवून दिले. दंडाची रक्कम त्यांनी भरायला मोकळी ठेवायला सांगितली आहे.