तेल नंतर काढू, आधी लोगो

गावात लाकडी घाणी टाकायचं तुमच्या मनात आहे म्हणे. उत्तम. सल्ला घ्यायचा तर माझाच घ्या. वर्धा जिल्ह्यातल्या, सलग तीन वर्षं सुरू न झालेल्या घाणीचा मी मालक आहे. एवढ्या काळात माझ्या तेलाबद्दल एकही तक्रार आलेली नाही. चालू घाणीवाल्यांपैकी कोणी हे छातीठोकपणे सांगून दाखवावं.

सुरुवात लोगोपासून करायची. लोगोत बैल हवाच. घाणी थ्री-फेज मोटरवर फिरणार असेल तर बैल अधिकच हवा. माझ्या डिझायनरनं, तो पुण्याचा, लांब मागे वळलेल्या शिंगांचा खिलार काढून पाठवला. मी परत केला. वर्ध्याच्या तेलावर खिलार? आमच्याकडची जात गवळाऊ, शिंगं आखूड. दुसऱ्या खेपेला शिंगं आखूड झाली, तर वशिंड बसकं आलं. सातव्या खेपेला बैल जमला, पण त्याचं तोंड उलट्या बाजूला. घाणी कोणत्या अंगानं फिरते हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारण्यात महिना गेला, कारण दोन म्हाताऱ्यांचं एकमत होईना. अकराव्या खेपेनंतर डिझायनरनं फोन उचलणं सोडलं. लोकांना गुणवत्तेची चाड उरलेली नाही, दुसरं काय.

कागदपत्रांपासून मात्र जपून राहा. उद्यम नोंदणी 2020 पासून आधार नंबरवर ऑनलाइन होते, फुकट होते, घरबसल्या होते. म्हणजे गाफील माणूस एखाद्या दुपारी उद्योजक होऊन बसायचा. खायच्या वस्तू विकायला लागते त्या अन्न नोंदणीचंही तेच. तो 14 आकडी नंबर हातात पडला की ‘लायसन अटकलं आहे’ हे वाक्य कायमचं गेलं, आणि पानठेल्यावर इतकं वजनदार वाक्य दुसरं नाही. त्यापेक्षा अनुदान धरा. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, असं कर्जाशी जोडलेलं अनुदान ठेवलेलं आहे. योजनेला माझं काही म्हणणं नाही. मी प्रकल्प अहवालात विक्रीचा अंदाज दहाव्या वर्षापर्यंत काढून ठेवला आहे. फक्त पहिला महिना जुळत नाही.

कोणी तुम्हाला वर्ध्याच्या मगनवाडीचा दाखला देईल. 1934 साली वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, गांधीजींचे सहकारी कुमारप्पा यांनी त्याचं काम उभं केलं, तिथं घाणीवर प्रयोग झाले आणि सुधारलेली ‘वर्धा घाणी’ नावारूपाला आली. मगन संग्रहालय अवश्य बघा, घाणीसोबत फोटो काढा, स्टेटसला ठेवा. घाणी सुधारायची तर आधी ती फिरती लागते, हा बारकावा तेवढा घरी आणू नका.

आणि आमच्या घरामागच्या काकूंपासून लांब राहा. या बाईंनी कुठल्याही अभ्यासाविना मुंगवड्या विकायला काढल्या. पन्नीचं तोंड मेणबत्तीवर धरून चिकटवलेलं, नाव नाही, गाव नाही. पहिल्याच आठवडी बाजारात एका गिऱ्हाइकानं तोंडावर सांगितलं, ‘‘वड्या खारट लागून रायल्या वो काकू.’’ माझ्या वड्यांना कोणी असं म्हटलं असतं तर मी धंदा बंद केला असता. सुरू नसताही केला असता. काकू म्हणाल्या, ‘‘हाव का? पुढच्या बाजाराले कमी टाकतो मंग.’’ आणि पुढच्या बाजाराला खरंच कमी टाकलं. दोन महिन्यांनी पन्नीत चिठ्ठी आली, तिच्यावर रबरी शिक्क्यानं मारलेला तो 14 आकडी नंबर, जरा तिरपाच. तिरपा! मला त्या रात्री झोप लागली नाही.

तरी एकदा माझाही पाय घसरला होता, तेवढं कबूल करतो. शेजारच्या गावच्या घाणीवरून पाच लिटर जवसाचं तेल काढून आणलं. ढेप, म्हणजे उरलेली पेंड, तिथंच दिली, म्हशींची सोय झाली. तेल पारदर्शक काचेच्या बाटल्यांत भरलं, कारण फोटोत सोनेरी दिसतं, आणि खिडकीत उन्हाला मांडलं. मग लेबलावर ‘जवस’ लिहावं की ‘अळशी’, यावर घरात दोन पक्ष पडले. लेबल ठरेपर्यंत उन्हाळा लागला. जवसाच्या तेलाला हवा आणि उजेड सोसत नाही, ते लवकर खवट होतं. बूच काढलं तर खोलीभर नव्या रंगकामाचा वास. ऑइल पेंटमध्ये जवसाचं तेल का घालतात, हे मला पुस्तकाशिवाय कळलं. हवेत ते आपोआप सुकून घट्ट होतं.

पाच लिटर फेकायचं कसं? दुकानासाठी घेतलेल्या खोलीचं सागवानी दार होतं. फडक्यानं त्याला हात मारला, चार दिवस सुकू दिलं, पुन्हा मारला. रेघा रेघा उठून आल्या, पाणी टाकलं तर थेंब घरंगळून जायचा. असं दार पंचक्रोशीत नाही.

परवा काकू बाजारातून रिकामी टोपली घेऊन परतताना थांबल्या. दारावरून हात फिरवला.

‘‘दार मस्त चमकते बावा. आत काय हाय?’’

‘‘बोर्डाचं काम सुरू आहे काकू,’’ मी म्हटलं.