वाडा विकणे आहे

वाईत वाडा विकायला काढला की तो आपोआप ऐतिहासिक होतो. आमचा कालपर्यंत नुसता पडका होता. एजंटाने जाहिरातीत परस्पर 'पेशवेकालीन' घातलं आणि 'नाना फडणवीस इथे जेवून गेले' हेही घालू का, म्हणून विचारलं. नानांचा स्वतःचा वाडा पलीकडे मेणवलीला, घाटासकट. ते कशाला आमच्याकडे पान मांडायला लावतील? पण वाईतल्या वाडेवाल्यांचं ऐकलं तर नाना घरी कधी जेवलेच नसावेत. मेणवलीच्या घाटावर वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा आहे. आमच्याकडे त्या तोडीची वस्तू म्हणजे लाईटचं मीटर.

गिऱ्हाईक मिळणं सोपं, मालक मिळणं अवघड. मिळकत पत्रिकेवर अजून पणजोबांचंच नाव. त्यांना सहीला आणायचं कसं? म्हणून वारस नोंदी काढल्या, तर वाड्यात खोल्या नाहीत इतके वारस निघाले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क देणारी 2005 ची दुरुस्ती झाली, ती योग्यच झाली. आमच्या आत्याला मात्र हक्क नको, पैसे नकोत, हक्कसोडपत्रही नको. "विका रे खुशाल, माझं काही म्हणणं नाही. फक्त माझ्या डोळ्यांदेखत नको." आत्याची तब्येत ठणठणीत आहे. न्यू जर्सीच्या चुलतभावाला तर वाडा 'जपायचा' आहे. पट्टी आम्ही भरायची, कौलं आम्ही शाकारायची आणि गणपतीत फोटो त्याला पाठवायचे.

एक गिऱ्हाईक सांगलीहून आलं. माणूस मोठा रसिक वाटला. दिंडी दरवाजावरून हात फिरवला, ओसरीतल्या खांबांना टिचक्या मारल्या, कडीपाटाकडे मान वर करून बराच वेळ बघत राहिला. मला भरून आलं. पणजोबांची कहाणी सांगायला मी घसा साफ केला, तेवढ्यात त्याने विचारलं, "सागवान किती घनफूट निघेल?" त्याला वाडा नको होता, लाकूड हवं होतं. भिंती आम्हीच ठेवून घ्यायच्या म्हणे. शूटिंगवाल्यांना उलट भिंती हव्या होत्या, त्याही पोपडे न काढता.

देवडीत तीन पिढ्यांचा भाडेकरू आहे, शिंपीकाम करतो. भाडं महिना चाळीस रुपये. भाडे नियंत्रण कायद्यामुळे तो हलत नाही आणि तो हलत नाही म्हणून भाव येत नाही. खरं सांगायचं तर वाडा उभा आहे तो याच्यामुळे. पावसाळ्यात शिडी लावून कौलं सारखी करतो तो हाच. आम्ही वारस पुण्यात बसून हळहळतो.

परवा त्याच्यापुढे विषय काढला. म्हटलं, काहीतरी घेऊन जागा मोकळी कर, सगळ्यांचंच सुटेल. त्याने मशीन थांबवलं, दोरा तोडला आणि शांतपणे म्हणाला, "एवढी अडचण असेल तर मीच घेतो की, दादा. आजोबांपासून दिलेलं भाडं तेवढं किमतीतून वळतं करून घ्या."