यरीहोचा तट पडला, पण कधी?

‘यरीहोच्या भिंती सापडल्या, बायबल शब्दशः खरं ठरलं’ हा मजकूर कित्येक वर्षं फिरतोय. बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकातल्या सहाव्या अध्यायाची गोष्ट अशी: यहोशवाच्या नेतृत्वाखाली इस्राएली लोकांनी सहा दिवस रोज एकदा आणि सातव्या दिवशी सात वेळा यरीहो (जेरिको) शहराला फेरी घातली, याजकांनी शिंगं फुंकली, लोकांनी गजर केला आणि तट कोसळला. मग शहर जाळलं गेलं. मजकूर म्हणतो की उत्खननात हे सगळं जसंच्या तसं मिळालंय, फक्त विद्वान ते दडवतात. एकेक मुद्दा बघू.

‘गारस्टँगना यहोशवाच्या काळातली पडलेली भिंत मिळाली.’

भिंत मिळाली, यात खोटं काही नाही. आजच्या वेस्ट बँकेत, झऱ्याकाठी तेल एस-सुलतान नावाचं टेकाड आहे. तेच जुनं यरीहो. पुरातत्त्वज्ञ जॉन गारस्टँग यांनी तिथे १९३० ते १९३६ या काळात खोदकाम केलं आणि एक कोसळलेला दुहेरी तट इ.स.पू. १४०० च्या सुमाराचा, म्हणजे यहोशवाच्या काळातला ठरवला. पुढे १९५२ ते १९५८ मध्ये पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांनी टेकाडात खोल चर खणले आणि थरावर थर वाचत नेले. तो तट निघाला इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकातला, म्हणजे यहोशवाच्या कुठल्याही तारखेपेक्षा हजारएक वर्षं जुना. मजकुरात गारस्टँग आहेत, पण ही दुरुस्ती नाही.

‘केन्यनना तटाबाहेर लाल विटांचा ढीग मिळाला.’

हेही खरं. पायथ्याच्या दगडी भिंतीबाहेर वरच्या तटाच्या विटा पडलेल्या होत्या, ढीग जवळजवळ त्या भिंतीच्या माथ्यापर्यंत पोचला होता. त्यावरून ‘लोक ढिगावरून चढून शहरात शिरले’ असं चित्र रंगवलं जातं. पण केन्यननी हा तट मध्य कांस्ययुगाच्या शेवटच्या टप्प्यात धरला आणि शहराचा नाश इ.स.पू. १५५० च्या आसपास. शिवाय यरीहो भूकंपाच्या पट्ट्यात आहे, ११ जुलै १९२७ च्या भूकंपाने हाच परिसर हादरवला होता. पूर्वेकडच्या काही खोल्या तर आग पोचण्याआधीच कोसळल्याच्या खुणा केन्यनना दिसल्या. तट कोणत्या कारणाने पडला हे विटा सांगत नाहीत.

‘धान्याने भरलेले रांजण मिळाले, म्हणजे वेढा थोडे दिवसच चालला आणि लूट झाली नाही.’

मजकुरातला सगळ्यात चांगला मुद्दा हाच. जळून काळं झालेलं धान्य गारस्टँगनाही मिळालं आणि केन्यननाही. लांब वेढ्यात धान्य संपतं, लुटारू ते उचलून नेतात. इथे ते जागच्या जागी जळलं. गोष्टीशी हे छान जुळतं.

पण तारीख विचारली की घोडं पेंड खातं. १९९० मध्ये पुरातत्त्वज्ञ ब्रायंट वुड यांनी खापरांच्या आधारे नाश इ.स.पू. १४०० चा असल्याचं मांडलं. जोडीला ब्रिटिश म्युझियमने काढलेली कोळशाच्या एका नमुन्याची कार्बन तारीख होती, तीही १४०० च्या जवळची. पुढे कळलं की त्या प्रयोगशाळेच्या १९८० च्या दशकातल्या काही मोजण्यांत चूक होती आणि हा नमुनाही त्यातलाच. दुरुस्तीनंतर त्याची तारीख दीडशेएक वर्षं मागे गेली. १९९५ मध्ये ब्रुइन्स आणि व्हान डर प्लिख्त या संशोधकांनी त्याच जळक्या थरातले १८ नमुने तपासले, त्यातले सहा जळक्या धान्याचे. लाकूड शंभर वर्षं जुन्या झाडाचं असू शकतं, धान्य मात्र त्या एक-दोन हंगामांतलंच असतं, म्हणून त्याची साक्ष जास्त भक्कम. ती निघाली इ.स.पू. सतराव्या-सोळाव्या शतकाची. म्हणजे जे रांजण पुरावा म्हणून पुढे केले जातात, तेच तारखेच्या विरोधात साक्ष देतात.

यावर उत्तर येतं की यहोशवाच्या काळातलं शहर पावसापाण्याने झिजून गेलं. धूप झाल्याचं केन्यनही म्हणतात. इ.स.पू. चौदाव्या शतकातलं त्यांच्या हाती लागलं ते एवढंच: एका भिंतीचा पाया, जेमतेम चौरस मीटरभर जमीन, मातीची लहान भट्टी आणि एक छोटी सुरई. ठीक आहे, झिजलं असेल. मग ‘भिंती सापडल्या’ हे शीर्षक काढा. एकाच दमात ‘भिंत मिळाली’ आणि ‘भिंत वाहून गेली’ असं म्हणता येत नाही.

‘राहाबचं घरही मिळालं.’

राहाब म्हणजे गोष्टीत इस्राएली हेरांना लपवणारी यरीहोतली बाई, तिचं घर तटाला लागून होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन उत्खनकांना उत्तरेकडे तटाला लागून घरं मिळाली होती. घरं आहेत, पण तीही मध्य कांस्ययुगातली. राहाबशी बादरायण संबंध.

‘विद्वान दडवतात.’

केन्यन यांचे वडील फ्रेडरिक केन्यन ब्रिटिश म्युझियमचे संचालक आणि बायबलच्या हस्तलिखितांचे अभ्यासक होते, म्हणजे घरात बायबलशी वैर नव्हतं. कॅथलीन यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या खापरांचे सविस्तर अहवाल छापले गेले, आणि वुड यांनी आपला आक्षेप त्या अहवालांच्याच आधारावर घेतला. याला दडवणं म्हणत नाहीत.

आता उलट्या बाजूचे लोक लगेच ‘म्हणजे सगळंच थोतांड’ म्हणतील. तेही चालणार नाही. इजिप्तच्या मेर्नेप्ताह फारोच्या इ.स.पू. १२०८ च्या सुमाराच्या शिलालेखात ‘इस्राएल’ हे नाव लोकसमूह म्हणून आलंय. तेल दान इथे १९९३ मध्ये मिळालेल्या इ.स.पू. नवव्या शतकातल्या अरामी लेखात बहुतेक अभ्यासक ‘दावीदाचं घराणं’ असं वाचतात. आणि इ.स.पू. ७०१ ची यहूदावरची स्वारी तर दोन्ही पक्षांनी लिहून ठेवली आहे. यहूदाच्या हिज्कीया राजाने स्वारी करणाऱ्या अश्शूरच्या सन्हेरीब राजाला किती खंडणी दिली? बायबल म्हणतं ३० किक्कार (वजनाचं जुनं माप) सोनं आणि ३०० किक्कार चांदी. सन्हेरीबाचा लेख म्हणतो तेवढंच सोनं, पण चांदी ८००. यरुशलेमात हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं अशी फुशारकी तो मारतो, पण शहर घेतलं असं कुठेच म्हणत नाही.