ते पान प्रिंट नका करू म्हणे

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांब होणार. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाइक टाकून पुढं सरका, मला राग नाही.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे हे यादीतल्या निम्म्या लोकांना माहीत आहे, उरलेल्यांना त्यांची पोरं सांगतील. सध्या आमची सुगी चालू आहे. प्रोजेक्टचा हंगाम. सकाळपासून स्पायरल, ब्लॅक बुक, सोनेरी अक्षरं, "काका अर्जंट आहे", "काका पाचची शेवटची वेळ आहे". सगळ्यांची शेवटची वेळ पाचचीच असते.

दुपारी तिघं आले. ग्रुप पाच जणांचा, आलेले तीन. दोन पोरं आणि एक पोरगी. नवीन शैक्षणिक धोरणातला तो फील्ड प्रोजेक्ट असतो बघा, तो. विषय काय, तर आपल्या गावाचं मराठी विकिपीडियावरचं पान सुधारायचं. खरं सांगतो, ऐकून बरं वाटलं. नाहीतर दरवर्षी तेच ते 'बचत गटांचा अभ्यास', नावं बदलून. मागच्या वर्षीच्या फाइलीत फक्त मुखपृष्ठ बदललेलं मला कळतं हो, मागच्या वर्षीची पण मीच प्रिंट केलेली असते.

पीडीएफ उघडली. आधी कॉलेजचं बोधचिन्ह, मग प्रमाणपत्र, मग ऋणनिर्देश. ऋणनिर्देशात प्राचार्य, विभागप्रमुख, मार्गदर्शक, ग्रंथपाल, आईवडील. ज्या गावावर पान लिहिलं त्या गावातलं एक माणूस नाही. असो. मग विकीचं पान जसंच्या तसं, रंगीत, निळ्या लिंका कागदावर. त्या दाबायच्या कशा, देव जाणे. पाच नावं, पाच प्रती.

तेवढ्यात पोरगी म्हणाली, "काका, याला आणखी दोन पानं जोडायचीत." आणि मोबाइल पुढं केला. एक त्या लेखाच्या इतिहासाचं पान, दुसरं चर्चेचं. बरोबरचा पोरगा लगेच, "नको गं, जास्तीचं लावलं की जास्तीचं विचारतात." तिनं तिथंच सरांना फोन लावला, स्पीकरवर. सर म्हणाले, "ते पान प्रिंट नका करू. सगळ्यांना सारखेच मार्क द्यायचेत, उगाच वाद नको."

झालं. फोन बंद. तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला आणि विचारलं, "काका, कव्हर निळं आहे का?"

मला काय राग आला म्हणून सांगू. सरांचा आलाच, पण त्या "कव्हर निळं आहे का" चा जास्त आला. विसाव्या वर्षी इतकं शहाणं का व्हावं लागतं माणसाला?

ज्यांनी विकीवर कधी 'इतिहास पहा' दाबलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथं त्या पानावर झालेला एकेक बदल नोंदलेला असतो. कधी केला, कुणी केला, किती मजकूर घातला, किती काढला. घातलेला हिरव्या आकड्यात, काढलेला लाल. नवीन नोंद वर, जुनी खाली. कुठल्याही दोन नोंदी शेजारीशेजारी लावून नेमकं कुठलं वाक्य बदललं तेही दिसतं. फुकट. जगातल्या कुणालाही. ग्रुप प्रोजेक्टमध्ये कोण राबलं आणि कुणी नुसतं नाव लावलं हे शोधायला मास्तर लोक जन्मभर झटतात, ते इथं आपसूक लिहिलेलं असतं. आणि आपण म्हणतो, ते पान प्रिंट नका करू!

मी तिचा तो इतिहास बघितला. गिऱ्हाईक थांबलं होतं, थांबू दे म्हटलं. सगळ्यात खाली गावाचं मूळ पान. मराठी विकीवर आपल्या खेड्यांची पानं असतात ती कशी, ते माहीत असेल: भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. मथळे सगळे मांडलेले, खाली काही नाही. त्याच्यावर एक नोंद, हिरवा आकडा केवढा मोठा. खातं कुणाचं, तर विभागाच्या नावाचं. त्याच्या लगेच वरच्या ओळीत तेवढाच आकडा लाल. म्हणजे कुणीतरी पर्यटनाच्या वेबसाइटवरचा मजकूर उचलून चिकटवला आणि विकीच्या माणसानं तो प्रताधिकाराचा भंग म्हणून उडवला. आणि मग तिथून वर तिचं नाव, तिचं नाव, तिचं नाव. छोटे छोटे हिरवे आकडे. रात्री साडेअकरा. पहाटे साडेपाच. मधूनच त्या दुसऱ्या पोराचं नाव. मधे एकदा कुणी अनोळखी सदस्य, त्यानं येऊन नुसतं ऱ्हस्वदीर्घ नीट केलं आणि गेला. कोण, कुठला, काही पत्ता नाही. त्या एका ओळीनं मला उगाच बरं वाटलं.

विभागाच्या नावाचं खातं का, तर ती गंमत तिनंच सांगितली. कॉम्प्युटर लॅबमध्ये अख्खा वर्ग खाती उघडायला बसला. एका कनेक्शनवरून विकी दिवसाला सहाच नवीन खाती उघडू देतं. सातव्याला नाही म्हणालं. अशा कार्यशाळेसाठी आधी कळवून सूट मागता येते, पण ते कुणाला माहीत असणार. सर म्हणाले, एकच खातं काढा, सगळे त्यातूनच लिहा. विकीचा नियम नेमका उलटा आहे, एक माणूस एक खातं. सगळे एकाच नावानं लिहायला लागले की कुणी काय केलं ते इतिहासातही दिसत नाही, सगळा काला. हिनं घरी जाऊन मोबाइलवरून स्वतःचं खातं उघडलं. म्हणून तिचं तिचं काम उरलं. नाहीतर पहाटे साडेपाचचं तिचं जागरण विभागाच्या खात्यावर जमा झालं असतं.

आता मला सांगा, आपण कुठल्या जिल्ह्यात राहतो? आपल्या वाईत बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश उभा केला. पहिला खंड १९७६ चा. त्यातली कुठलीही नोंद काढा, शेवटी लिहिणाऱ्याचं नाव असतं, आणि बऱ्याच नोंदींना संदर्भही. नोंद तुमची, जबाबदारी तुमची. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. तिथं लेखाखाली नाव येत नाही, कारण लेख एकाचा नसतोच. नाव असतं ते इतिहासात. म्हणजे वाईच्या खंडात जी गोष्ट नोंदीच्या शेवटी छापलेली आहे, तीच आमच्या सरांनी फाइलीतून काढायला लावली. वाईपासून साताऱ्यापर्यंत यायला एसटीला तासभर लागतो. एवढ्या वाटेत कुठं सांडलं हे सगळं?

हां, कबूल, विकीवर कुणीही काहीही लिहून जातं. पण लिहून गेलेलं दिसतं तरी.

चर्चेच्या पानाचं सांगायचं राहिलं. लेखात काय ठेवायचं, काय नाही, हे लिहिणारे तिथं आपसात बोलतात. खरं म्हणजे मला तेच जास्त आवडलं. गावाचं नाव लिहीत नाही, पोरीला त्रास नको. कास पठाराच्या बाजूचं गाव आहे, निम्मं गाव मुंबईला, एवढं पुरे. ही पोरगी वरच्या आळीची आणि तो दुसरा पोरगा खालच्या आळीचा. एकानं लिहिलं, शाळेला जागा अमक्या घराण्यानं दिली. दुसऱ्यानं ते खोडून तमक्या घराण्यानं दिली असं लिहिलं. पुन्हा पहिल्यानं. गावात हा वाद झाला असता तर यात्रेच्या मानापर्यंत गेला असता, तिथून कोर्टात. इथं काय झालं? तिसऱ्या पोरानं चर्चेच्या पानावर दोन शब्द टाकले, "पुरावा काय?" दोघांचेही आजोबाच पुरावा. विकीला आजोबा चालत नाहीत. छापलेलं, प्रसिद्ध झालेलं काहीतरी लागतं. (हा नियम मला स्वतःला फारसा पटत नाही. आमच्या खेड्यांबद्दल छापलंय कुणी काय? पण आजोबा चालवायला लागलो तर वरच्या आळीचे आजोबा आणि खालच्या आळीचे आजोबा, हेही खरंच.)

मग ती आणि तो मोटारसायकलवर गावाला गेले. शाळेच्या भिंतीवर कोनशिला आहे, तिच्यावर चुन्याचे थरावर थर. ते खरवडून, पाणी मारून, बाजूनं उजेड धरून फोटो काढला. तो फोटो मी बघितला, खाली कोपऱ्यात त्या पोराचा टॉर्च धरलेला हात आलाय. कोनशिलेवर काय निघालं? इमारत ग्रामस्थांच्या श्रमदानातून. जागा कुणाची, एक अक्षर नाही. दोघांनी मिळून जागेचं वाक्यच काढून टाकलं. श्रमदानाचं ठेवलं, फोटो लावला. आणि चर्चेच्या पानावर त्या पोरानं लिहिलंय, "ठीक आहे, पण माझे आजोबा खोटं बोलत नाहीत." खाली हिनं लिहिलंय, "माझेपण नाहीत."

मला सांगा, एवढं दोन आळ्यांत गेल्या कित्येक पिढ्यांत कुणाला जमलंय का?

आणखी एक. कुणीतरी लिहिलं होतं की युनेस्कोनं कास पठार जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. आपण सगळे असंच सांगतो, बोर्डावर पण तेच. हिनं ते नीट केलं: २०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं मिळून वारसा यादीत घेतली, कास त्यातलं एक. मी स्वतः पाहुण्यांना इतकी वर्षं अर्धवटच सांगत आलो. हे शिक्षण नाही तर काय आहे? याला मार्क नाहीत. मार्क कशाला, तर अनुक्रमणिका आहे का, समास सोडलाय का, प्रमाणपत्रावर सही आहे का.

जरा पाणी पिऊन आलो.

सरांचीही बाजू आहे, ती मांडायला मला अजिबात आवडत नाही, तरी मांडतो. तासिका तत्त्वावर आहेत. मानधन वेळेवर नाही, वर्गात पोरं ढीगभर, आणि नॅकचे, म्हणजे कॉलेजची श्रेणी ठरवणारे, लोक आले की त्यांना कपाटातली फाइल दाखवावी लागते, मोबाइलवरचं पान नाही. एकाला कमी मार्क दिले की त्याचा काका येतो. मलाही माहीत आहेत असे काका, त्यांच्या झेरॉक्स मीच काढतो. सरांनी विकीचा विषय निवडला हेच मोठं. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही.

आणि त्या इतिहासाच्या पानात सगळं असतं असंही नाही. ज्यानं टॉर्च धरला, ज्यानं स्वतःच्या पेट्रोलनं गाडी नेली, त्याच्या नावावर तिथं नोंदी थोड्याच आहेत. तो टायपिंगला कच्चा आहे. नुसते आकडे मोजून मार्क दिले असते तर तो मेला असता. पण त्याचं उत्तर इतिहास लपवणं नाही ना. चर्चेच्या पानावर दोघांचं सगळं बोलणं आहे, ते वाचलं असतं तर कळलं असतं कोण गेलं, कुणी काय शोधलं. आणि जे दोघं आज दुकानातसुद्धा आले नाहीत त्यांचं नाव दोन्हीकडं नाही, तेही कळलं असतं. प्रमाणपत्रावर मात्र त्यांचीच नावं आधी, कारण आडनावं आधीच्या अक्षरांची.

"उगाच वाद नको." हे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. अहो सर, त्या पोरांनी वाद घातला, चांगला घातला, मिटवला, आणि तो लिहून ठेवला. आपण साताऱ्यातल्या एकातरी सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे बघितलंय का? तिथं इतिवृत्तच गायब असतं. ही वीस वर्षांची पोरं स्वतःच्या भांडणाचं इतिवृत्त घेऊन माझ्या काउंटरला आली होती, म्हणाली हे पण जोडा, आणि आपण त्यांना शिकवलं की कामाचा कागद लपवायचा, कव्हर चकाचक ठेवायचं. उद्या हीच पोरं ग्रामपंचायतीत जातील, कुठल्या ऑफिसात टेबलाला बसतील. मग आपण म्हणायचं, फाइल सापडत नाही.

ती पोरगी काही बोलली नाही याचा अर्थ तिला पटलं असा कुणी काढू नका. पाच प्रती मी निळ्या कव्हरात करून दिल्या. सहावी प्रत केली, ती दोन पानं जोडून, तिच्यासाठी, पैसे न घेता. पोरगा म्हणाला, "काका, मला पण एक." त्यालाही दिली. रंगीत प्रिंट दहा रुपयाला पडते हे त्याला माहीत होतं, म्हणून दोनदा थँक्यू म्हणाला.

मित्रयादीत प्राध्यापक मंडळी बरीच आहेत. रागावू नका, रागावलात तरी चालेल. पुढच्या वर्षी विकीचा प्रोजेक्ट द्या, जरूर द्या. फाइलीत लेख नको, तो कुणीही कधीही उघडून बघेल, शिवाय पुढच्या आठवड्यात तो बदललेलाही असेल. इतिहासाचं आणि चर्चेचं पान लावायला सांगा. खाती घरून उघडायला सांगा. पहिलं आठवडाभर धूळपाटीवर, म्हणजे विकीच्या सरावाच्या पानावर, लिहू द्या, चुका तिथंच होऊन जातील. आणि तोंडी परीक्षेला एकच प्रश्न विचारा: तुझं कुठलं वाक्य कुणी काढलं, आणि का?

माझा धंदा बुडेल ही काळजी करू नका, ती पानं लेखापेक्षा लांब असतात. फक्त एका विभागाचं मागच्या वर्षीच्या बाइंडिंगचं बिल अजून यायचंय. कुणाचं ते लिहीत नाही. त्यांनी ही पोस्ट वाचलीय, लाइक पण केलंय.